खालच्या पुलावरची बाटली

आदरणीय व्याहीसाहेब,

सविनय नमस्कार. विहीणबाईंनाही माझा नमस्कार सांगावा आणि आपल्या सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, आशीर्वाद. आपण सर्व मंडळी सुखात असाल अशी आशा करतो. (तशी आशा नाही. लेकीने परवा फोनवर सांगितलं की आपण ताटावरून अर्ध्यात उठता आणि बंद लाँड्रीपुढे खुर्ची टाकून बसता. पण पत्राची सुरुवात आशेने करावी असं आम्हाला चौथीत शिकवलं होतं, आणि चौथीच्या पुढे मी गेलो नाही, म्हणून तेवढं एक पक्कं लक्षात आहे.) आपला गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम आहे. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधडतं आणि अधूनमधून डोळ्यांपुढे निळं दिसतं, बाकी काही तक्रार नाही.

काठाने चालत आलं तर दीड तासात आपलं दार येतं, मग हा गृहस्थ पत्र कशाला लिहितो, असं आपल्याला वाटेल. तर फोनवर मला बोलता येत नाही, समोरचा काहीही म्हणाला तरी मी हो हो म्हणत सुटतो. आणि समोर बसून बोलायचं तर आपल्या भुवया फार दाट आहेत. (हे दोष म्हणून लिहिलेलं नाही.) पत्रात मात्र माणूस खोडून पुन्हा लिहू शकतो. हे सातवं पत्र आहे. पहिली सहा चुलीत गेली.

आपल्या लाँड्रीच्या दारावर नदी-कार्यालयाने कागद चिकटवला, नंतर कुलूप लावून लाखेची मोहर मारली, आणि येत्या शुक्रवारी सुनावणी आहे, हे सर्व मला समजलं. लाँड्रीतला साबण नदीत जातो असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारी ते खोटं ठरलं नाही, तर तीस वर्षांची लाँड्री कायमची बंद. आणि ते खोटंच आहे. कारण आपण साबणाचा एक थेंबही नदीत सोडत नाही, आपलं सगळं पाणी मागच्या टाकीत निवळतं आणि नळाने थेट शुद्धीकरण केंद्रात जातं, हे मला माहीत आहे. अगदी खात्रीने माहीत आहे. किती खात्रीने, ते पुढे येईलच. पण त्याआधी नदीबद्दल थोडं लिहायला हवं, म्हणजे आपण माझ्याबद्दल जे मत कराल ते निदान सगळं ऐकून केलेलं असेल.

आपण या भागात आलात तेव्हा नदीचा काँक्रीटचा पाट झालेलाच होता. तो बांधणाऱ्यांत मी होतो. बावीस वर्षांचा गवंडी, हातात थापी, अंगात मस्ती. तेव्हाच्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि आम्ही नदी त्या रेघेत बसवली. दोन्ही काठ गुळगुळीत, तळ गुळगुळीत, दोरी लावून पाहिलं तर केसाचा फरक नाही. (दोरी माझी होती.) पाणी असं सरळ निघालं की वळून बघायचं नाव नाही. त्यानंतर चाळीस वर्षं ती नदी माझ्या खिडकीखालून जात होती, आणि खरं सांगायचं तर मला ती कधी नदी वाटलीच नाही. कुठल्यातरी कचेरीत उशीर झालेला माणूस खाली मान घालून जातो, तशी जायची. उन्हाळ्यात तिला वास यायचा. मी खिडकी लावून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, बांधकामात काही चूक नाही.

मागच्या वर्षी यंत्रं आली आणि माझं काँक्रीट फोडायला लागली. मी पुलावर उभा राहून पाहिलं. फुटत नव्हतं हो! दोन यंत्रांचे दात मोडले. मला एकीकडे अभिमान वाटला आणि दुसरीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ते निघालं, आणि मग त्यांनी नदीला वळणं दिली. इथे पोट, तिथे कंबर, मध्ये गोट्यांचे उंचवटे, काठाला लव्हाळी, आणि पुढे सावली देतील अशी वीतभर उंचीची झाडं. मला वाटलं, ही कुठली पद्धत? दोरी नाही, पाणसळ नाही, नदी जाईल तशी जाऊ द्यायची! आणि पाणी तर चहासारखं गढूळ झालं. मी काळजीने अर्धा झालो. नदी-कार्यालयातली पाणी तपासणारी एक पोरगी आहे, मोठ्या चष्म्याची, सगळे तिला चष्मेवालीच म्हणतात. तिला गाठून मी म्हटलं, "बाई, तुम्ही बरी करायला घेतलीत आणि ही तर जास्तच आजारी पडली!" ती म्हणाली, "आजोबा, मोडलेल्या पायाचं प्लास्टर काढल्यावर पहिल्या दिवशी कोण धावतं? तिला वेळ द्या." मग काठावर उकिडवी बसून तिने मला समजावलं की वळणावर पाणी हळू होतं, हळू झालं की गाळ खाली बसतो, लव्हाळ्यांची मुळं घाण खातात, गोट्यांवरून पाणी उड्या मारतं तेव्हा त्यात हवा मिसळते, आणि झाडं वाढली की सावलीत ते गार राहील. म्हणजे नदी आपली आपण धुऊन निघते, माणसाने फक्त वाटेतून बाजूला व्हायचं. ती गेल्यावर मी बराच वेळ तिथेच बसलो. चाळीस वर्षं वाटेत मीच उभा होतो, असं मला वाटत राहिलं.

म्हणून मी बाटलीचं काम मागून घेतलं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी खालच्या पुलावरून दोरीने बाटली सोडायची, पाणी भरायचं आणि पुलाजवळच्या खोलीत चष्मेवालीकडे द्यायचं. तिथे एक हातभर लांब काचेची नळी असते, तिच्या तळाला काळी फुली. वरून पाणी ओतत जायचं आणि फुली दिसेनाशी झाली की थांबायचं. जितकं जास्त ओतता येईल तितकं पाणी नितळ. पहिल्या सोमवारी चार बोटांत फुली गेली. पुढे आठ बोटं झाली, मग वीतभर, मग दीड वीत. व्याहीसाहेब, त्या फुलीसाठी मी किती जीव टाकला म्हणून सांगू! मी नळीत डोळा लावून बसायचो आणि फुली खालून माझ्याकडे बघायची. एकदा दगड उलटला तर खाली तीन शेपट्यांचे बारीक किडे होते. मी ओरडलो, तर चष्मेवाली आनंदाने टाळ्या वाजवायला लागली. घाण पाण्यात हे किडे टिकतच नाहीत म्हणे. जन्मात पहिल्यांदा मी किड्यांचं अभिनंदन केलं.

काम झालं की मी घरी जायचो नाही. पुलाच्या खाली, दुसऱ्या वळणावर माझ्याच काँक्रीटचा एक तुकडा त्यांनी बसायला ठेवलाय. त्यावर बसायचं. पाणी येतं, थांबल्यासारखं करतं, लव्हाळ्यांशी काहीतरी बोलतं आणि निघतं. डोळा कधी लागतो ते कळत नाही. मग बाटली मोठी होते, खोलीएवढी, आणि मी तिच्या आत खुर्ची टाकून बसलेला असतो. बाहेरून नदी हळूहळू जात असते आणि जाता जाता काचेवर बोट टेकवते. पलीकडच्या काठावर आमची ही बसलेली असते (जाऊन सहा वर्षं झाली, पण तिथे ती अगदी रोजच्यासारखी असते), पदर खोचून बाटली घासत. घासते, घासते, आणि मान वर करून म्हणते, "अहो, पुरे की आता!" आणि मी जागा होतो. पुरे म्हणजे काय पुरे, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतंय.

तर बाटली. आमच्या हिचा नियम असा की कुणाच्या हातात भांडं द्यायचं तर ते आरशासारखं हवं. मी कार्यालयात बाटली द्यायची म्हणजे ती तशी नको? दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी मी ती चांगली चमचाभर पावडर टाकून, ब्रशने, गरम पाण्याने घासायचो आणि उपडी ठेवायचो. खळबळून फार धुवायचो नाही, कारण थोडा वास राहिला की स्वच्छ वाटतं. पावडर कुठली, असं आपण विचाराल. आपलीच. लेक येते तेव्हा आपल्या लाँड्रीतल्या पावडरीचा डबा घेऊन येते. विहीणबाई आठवणीने पाठवतात. फार उत्तम पावडर आहे. काहीही निघतं तिने. स्वतःच मात्र निघत नाही, एवढंच.

पाण्यात आणखी एक तपासणी असते. लहान काचेच्या कुपीत पाणी घेऊन चष्मेवाली त्यात काही थेंब टाकते, आणि धुण्याच्या पावडरीतला एक क्षार (फॉस्फेट म्हणते ती) पाण्यात असेल तर ते निळं होतं. जास्त क्षार, जास्त निळं. तो क्षार वाढला की पाण्यावर शेवाळ माजतं आणि खालच्या जिवांचा श्वास कोंडतो. हे सगळं पहिल्याच दिवशी पाणी भरणाऱ्या आम्हा सर्वांना शिकवलं होतं. पण तेव्हा मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली होती, बाहेर नदी होती, आणि माझा डोळा लागला होता. त्यामुळे मी माझ्या अकलेने समजून घेतलं. नदी चित्रात निळी असते. माझं पाणी सर्वांत निळं येतं. म्हणजे माझं पाणी सर्वांत चांगलं. वरच्या पुलावर एक निवृत्त शिक्षिका पाणी भरतात, त्यांचं कधी रंगसुद्धा धरायचं नाही. मला त्यांची कीव यायची. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "बाई, निराश होऊ नका, माझंही सुरुवातीला तसंच होतं." (नव्हतं.) माझ्या वहीत शेरा लिहायची जागा असते, तिथे मी दर वेळी लिहायचो, उत्तम, प्रगती आहे. एकदा चष्मेवालीने काच उजेडाकडे धरून कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आजोबा, हे इतकं निळं येतंच कसं?" मी नम्रपणे म्हटलं, "मनापासून करतो, म्हणून."

पुढचं आपल्याला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. नदी-कार्यालयाचे टोपीवाले साहेब आले, नकाशा पसरला. वरच्या पुलावर पाणी स्वच्छ, खालच्या पुलावर निळं, आणि दोन पुलांच्या मध्ये काठावर कोण? आपण. पुढच्याच सोमवारी आपल्या दारावर कागद लागला, मशिनं थांबवा म्हणून. मी ऐकलं आणि मला आपल्याबद्दल (क्षमा असावी) थोडी शंकासुद्धा आली. म्हटलं, एवढा भला माणूस, आणि माझी नदी!

त्याच आठवड्यात नव्या लोकांना शिकवायचं होतं आणि चष्मेवालीने मला मदतीला बसवलं. या वेळी मला खिडकी मिळाली नाही. ती म्हणाली, निळं म्हणजे वाईट. मी हसलो, म्हटलं पोरगी दमली असेल, उलट बोलली. मग ती म्हणाली, बाटलीला पावडर, साबण काही म्हणजे काही लावायचं नाही, फक्त नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची, नाहीतर नदीऐवजी तुमच्या मोरीची तपासणी होईल. सगळे हसले. व्याहीसाहेब, मी माझी बाटली हळूच खुर्चीखाली सरकवली.

मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चुना मागितला, तोही शेजारच्या बाईंकडे. मग मनाशी ठरवलं की गुपचूप सुधारायचं. पुढच्या सोमवारी बाटली नुसती नदीने विसळली. पाण्याला रंगाचा लवलेश नाही. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात टोपीवाले साहेब मागून म्हणाले, "बघा! लाँड्री बंद केली आणि पाणी स्वच्छ! आणखी काय पुरावा पाहिजे?" माझी शुद्ध बाटली आपल्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली.

मग तीन दिवस मी विचार केला. (विचार करणं मला सोसत नाही, डॉक्टरांनीही सांगितलंय.) वाटलं, आता आपली लाँड्री बंद आहे. बंद असताना जर पाणी निळं आलं, तर आपण निर्दोष हे लहान मुलालाही कळेल. म्हणून गुरुवारी आपल्या भल्यासाठी मी बाटलीत पुन्हा पावडर घातली, आणि या वेळी दोन चमचे. पाणी असं निळं झालं की चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे हा माणूस चोरून मशिनं चालवतो!" त्याच दुपारी आपल्या दाराला कुलूप आणि मोहर.

तर असं आहे. आपल्या तीस वर्षांच्या धंद्यातून नदीत गेलेला साबण म्हणजे माझ्या बाटलीतले ते चमचे, आणि तेसुद्धा नदीत गेले नाहीत, काचेत गेले. माझ्या नदीचं पाणी तर कधीचंच निवळलं होतं. मीच ते दर आठवड्याला दोनदा घाण करून, वर उत्तम असा शेरा मारत होतो. चाळीस वर्षांपूर्वी तिला सरळ केलं तेव्हाही मी असाच मनापासून होतो. मला भीती माझ्या चुकांची नाही वाटत, माझ्या मनापासून करण्याची वाटते.

आपण मोठ्या मनाचे आहात. लहान-मोठ्यांस यथायोग्य सांगावं. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला,
लेकीचा बाप

ता. क. हे सर्व मी वेगळ्या कागदावर सही करून लिहिलंय, तो सोबत आहे. पावडरीचा डबा आणि ब्रशही पिशवीत आहेत. शुक्रवारी सुनावणीत कागद मीच देणार. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसावं. टोपीवाले साहेब भराभर बोलतात आणि मी हो हो म्हणतो. त्यांनी विचारलं, लाँड्रीवाला दोषी आहे ना, तर मी तिथेही हो म्हणून बसेन. मी हो म्हणायला लागलो की माझ्या पायावर पाय द्यावा. गुडघा दुखत नसलेला.

ता. क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. कागद वाचला की ते माझी बाटली काढून घेतील, आणि घ्यावीही. पण तुमचं अक्षर चांगलं आहे आणि ज्याचं नुकसान झालं तोच सांगतोय म्हटल्यावर ते ऐकतील. तर दोन ओळी लिहून द्याल का, की या म्हाताऱ्याला बाटलीचं काम राहू द्यावं, आता तो विसळायला शिकलाय? मागायला तोंड नाही, म्हणून लिहून मागतो. सोमवारी आणि गुरुवारी मला उठायला कारण असतं. बाकीचे दिवस मी नुसता उठतो.

ता. क. तिसरा. टपालावर माझा विश्वास नाही, म्हणून पत्र स्वतःच घेऊन आलोय. तुमच्या लाँड्रीबाहेरच्या बाकावर बसून हे शेवटचं लिहितोय. इथे नदीला छान वळण दिलंय, पाणी बाकाच्या अगदी जवळ येऊन बघून जातं. मघाशी काठावर उतरून बाटली विसळून भरली, तर तळापर्यंत दिसतं, माझी बोटंसुद्धा. पत्र शेजारच्या तुमच्या घराच्या दाराखालून सरकवीन आणि इथेच बसेन. वाचून झालं की खोकावं. खोकला नाहीत तर मी समजेन आणि काठाने परत जाईन.

ता. क. चौथा. विहीणबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि चहा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, दारात बसून काय लिहिताय? आत या." मी म्हटलं, यांना पत्र लिहितोय. तर म्हणाल्या, "मग एवढं वाकून कशाला? ते केव्हाचे तुमच्या मागेच उभे आहेत. वाचताहेत." व्याहीसाहेब, मान वळवायचं धैर्य होत नाही, म्हणून लिहीतच राहिलोय. तुम्ही वाचताच आहात तर वरचा बाटलीचा मुद्दा तेवढा पुन्हा एकदा बघावा. खांद्यावर हात पडलाय. जड आहे. लाँड्री बंद होऊन इतके दिवस झाले, तरी त्याला साबणाचा वास आहे.